जालन्याहून परतीची वाट

श्रोतेहो, सुलतानपूरहून सिंदखेडराजाच्या सडकेने निघालो की पुढे जालना लागते. नोव्हेंबर १६७९ मध्ये शिवाजी महाराजांनी ही पेठ लुटली. लूट मोठी मिळाली, पण खरा प्रसंग ओढवला तो परतताना. संगमनेराजवळ रणमस्तखानाने सैन्याला गाठले. झुंज झाली, सिधोजी निंबाळकर पडले. तेव्हा बहिर्जी नाईकांनी आडवाटेने, रात्रीचा दिवस करून, महाराजांना पट्टा किल्ल्यावर सुखरूप नेले. महाराजांनी तिथे विसावा घेतला म्हणून तो विश्रामगड झाला.

आता तुम्हीच सांगा, अशी वाट ऐन वेळी, लुटीची ओझी पाठीशी असताना, सापडते होय? ती आधी कुणाच्या तरी पायाखालची असली पाहिजे. पाणी कुठं आहे, घोडं कुठं अडेल, हे कुणीतरी निवांतपणी पाहून ठेवलेलं असणार.

बहिर्जींच्या सोंगांच्या गोष्टी आपण हौसेने सांगतो. त्यांना कागदोपत्री आधार थोडाच. सभासदाच्या बखरीत मात्र एक नेमकी गोष्ट आहे. सुरत मारली तर अगणित द्रव्य मिळेल, ही खबर त्यांनीच आणली. आणि महाराजांनी ती ऐकून घेतली. जानेवारी १६६४ मध्ये ते स्वतः सुरतेवर गेले. हेराने आणलेली बातमी धन्याने कानाआड केली, तर त्याचे सारे पाय मोडणे फुकट.

उलट उदाहरण अगदी अलीकडचे. जानेवारी १९९१ मध्ये, आखाती युद्धात, इंग्रजांची आठ निवडक शिपायांची तुकडी इराकच्या वाळवंटात टेहळणीला उतरली. माणसे पोलादासारखी. पण रेडिओसाठी दिलेले लहरींचे आकडेच चुकीचे, त्यामुळे तळाशी बोलणे होईना. थंडीही हाडे गोठवणारी. तुकडी उघडी पडली. तिघे मेले, चौघे पकडले गेले, एकटा पायी सीरियात पोहोचला. तिला प्रथम पाहिले ते एका गुराखी पोराने, असे त्या तुकडीतल्यांनीच पुढे सांगितले.

यात नवल ते काय! आपल्या शिवारात परका माणूस आला तर आधी कुणाला कळतं? गुराख्यालाच. मे १९९९ मध्ये कारगिलच्या डोंगरात घुसखोर शिरल्याची खबरही आपल्या लष्कराला मेंढपाळांनीच दिली.

शिक्षकबंधूंना एक विनंती. वर्गात नकाशा लावाल तेव्हा जालना ते पट्टा ही रेघ मुलांकडून ओढवून घ्या. मधल्या नद्या आणि डोंगर त्यांनाच शोधू द्या.