नवरा आजारी, अन् ही निघाली माहूरला!

(लातूर आणि नांदेड जिल्ह्यांतल्या महिला गटांच्या कार्यकर्त्यांसमोर केलेल्या भाषणाचा मजकूर)

मैत्रिणींनो,

'घरातलं आजारपण आणि बाई' हा विषय मला दिलाय. सुरुवात मी माझ्याच एका चुकीपासून करते.

अहमदपूर तालुक्यातल्या एका गावातली बाई. बचतगटाची सभासद, दोन लेकरं, दीड एकर कोरडवाहू. तिला विचारूनच ही हकिकत सांगतेय, नाव मात्र सांगत नाही. तिच्या नवऱ्याला तोंडाचा कॅन्सर झाला. तंबाखू, गुटखा, आपल्याकडचं नेहमीचंच. मुंबईला परळच्या टाटा हॉस्पिटलमध्ये जबड्याचं ऑपरेशन झालं, मग सहा आठवडे शेक, म्हणजे रेडिएशन. दोघं दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत राहिली. लेकरं तेवढे दिवस चुलतीकडे. परत आल्यावर कुणी तरी तिला म्हणालं, "बरंय, या निमित्तानं मुंबई तरी पाहिली." ती म्हणाली, "पाहिली की. दवाखान्याची रांग पाहिली."

घरी आल्यावर खरं काम सुरू झालं. नवऱ्याच्या नाकात नळी. दर दोन तासांनी डाळीचं पाणी, दूध, पेज पातळ करून, गाळून, कोमट करून त्या नळीतून द्यायचं. आधी त्याला उठवून बसवायचं, नंतर नळीत पाणी सोडायचं, नाही तर ती चोंदते. मधल्या वेळात शेत, पाणी, धुणं, सासूचं औषध. रात्रीची सलग झोप नाही. असं चार महिने चाललं. लेकरांना सारखं ऐकावं लागायचं, "हसू नका, खिदळू नका, बाप आजारी आहे." धाकटा तर घरात बोलेनासाच झाला होता.

दिवाळीनंतर गटातल्या बायकांनी माहूरला रेणुकादेवीच्या दर्शनाला जायचं ठरवलं. दोन रात्री बाहेर. २०२३ च्या मार्चपासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट झालंय, त्यामुळे खर्च आवाक्यात आला होता. ही माझ्याकडे आली. "ताई, लेकरांना घेऊन मी बी जाऊ का?"

आणि मी काय म्हणाले असेन? मी म्हणाले, "अगं, मग मालकांचं कोण बघणार?"

'नवऱ्याला मालक म्हणू नका' असं शिबिरांतून सांगणारी मी. एम.एस.डब्ल्यू. झालेली. आजाऱ्याची काळजी घेणाऱ्याला विश्रांती हवी, हे परीक्षेत लिहून मार्क मिळवलेली. आणि माझ्या तोंडून पहिला प्रश्न तो आला. ती उठली, पदर सारखा केला आणि म्हणाली, "सासूबाई बी हेच म्हणल्या." आणि गेली.

रात्री मला त्याच गावातली दुसरी गोष्ट आठवली. एका बाईचं पिशवीचं ऑपरेशन झालं होतं. टाके ओले होते. आठव्या दिवशी तिचा नवरा मित्रांबरोबर तिरुपतीला गेला. नवस होता म्हणे. 'बायकोचं कोण बघणार' असं त्याला कुणी विचारलं नाही, कारण त्याचं उत्तर ठरलेलं होतं: तिचं ती बघेल, नाही तर तिची आई येईल. तो परत आला तेव्हा गावानं लाडवाचा प्रसाद खाल्ला. मैत्रिणींनो, मीसुद्धा खाल्ला!

आजारी माणसाला सोडून जाणं हा गुन्हा असेल, तर तो दोघांनाही गुन्हा असला पाहिजे. आपण तो फक्त बाईच्या नावावर लावतो. २०१९ साली सरकारनं देशभर वेळेच्या वापराची पाहणी केली. त्यात घरकाम करणाऱ्या बायकांची त्यात जाणारी सरासरी वेळ दिवसाला २९९ मिनिटं निघाली, पुरुषांची ९७. घरात कुणी आजारी पडलं की वाढणारं काम कुणाच्या वाट्याला जातं, हे मी सांगायला नको.

दुसऱ्या दिवशी मी तिच्या घरी गेले आणि माझं चुकलं असं सांगितलं. मग जे पहिल्यांदा करायला हवं होतं ते केलं, तिच्या नवऱ्यालाच विचारलं. त्याला नीट बोलता येत नव्हतं. पाटीवर लिहून दाखवलं, "जाऊ द्या तिला." सगळ्यांनी त्याच्या वतीनं नकार दिला होता, त्याला मात्र कुणी विचारलंच नव्हतं.

मग तयारी केली. पुढच्या तपासणीच्या वेळी तिनं डॉक्टरांना विचारून घेतलं. औषधांच्या वेळा कागदावर मोठ्या अक्षरात लिहून भिंतीला लावल्या. नळीतून कसं द्यायचं हे दिराला आणि खुद्द नवऱ्याला आठ दिवस रोज करायला लावलं. दीर आधी म्हणाला, "हे बायकांचं काम." गटातल्या एका आजीबाईंनी त्याला विचारलं, "दवाखान्यात तर बाप्येच करीत होते की, त्यांचे हात झडले का?" त्यावर त्याला बोलता येईना.

ती निघाली. सासू ओसरीवर पाठ करून बसली होती.

अहमदपूर, लोहा करत गाडी नांदेडला आली. तिथं सगळ्याजणी गुरुद्वाऱ्यात गेल्या, लंगरमध्ये जेवायला बसल्या. ती मला नंतर सांगत होती, "ताई, पंगतीत बसले अन् वाढणारे समदे बाप्ये. एक म्हातारा सरदार दोन्ही हातांनी पोळी देत होता. मला घासच गिळंना." लग्नाला चौदा वर्षं झाली होती. माहूरच्या पायऱ्या चढणं, दर्शन, हे सगळं तिनं दोन वाक्यांत सांगितलं. या पंगतीचं मात्र ती पुन्हा पुन्हा सांगत होती. येताना सहस्रकुंडचा धबधबा पाहिला. पैनगंगेचं पाणी पाहून धाकटा मोठ्यानं ओरडला आणि लगेच आईकडे बघायला लागला, रागावते की काय. ती म्हणाली, "वरड बाबा, वरड."

आता दुसरी बाजू. दुसऱ्या रात्री घरी नळी चोंदली. दिरानं जोर लावला नाही, शिकवलं होतं तसं केलं. मोटारसायकलवरून भावाला ग्रामीण रुग्णालयात नेलं, नर्सबाईंनी नळी बदलून दिली, दोन तासांत दोघं घरी. पण सकाळपर्यंत गावभर झालं: 'नवरा मरणाच्या दारात, अन् ही माहूरला!' मला फोन आला तेव्हा माझेही हातपाय गार पडले. वाटलं, आपण हिला जा म्हणालो, काही बरंवाईट झालं असतं तर?

हा प्रश्न मी टाळत नाही. झालं असतं, तर आयुष्यभर बोल तिलाच लागला असता, आणि थोडा मलाही. पण नळी ती घरी असतानाही दोनदा चोंदली होती. तेव्हा ती एकटीच त्याला जीपमध्ये घालून घेऊन गेली, त्याची गावात चर्चा झाली नाही. या वेळी घरातल्या पुरुषांनी निभावलं, ही खरं तर चांगली बातमी होती. तिचीच निंदा झाली.

ती परतली तेव्हा गटातल्या सात जणी तिच्याबरोबर घरापर्यंत गेल्या. ओसरीवर बसल्या, चहा मागून प्यायल्या, प्रसाद सासूच्या हातात दिला. कुणी भांडलं नाही. पण इतक्या जणी बसल्यावर टोमणे मारायला कुणी आलं नाही. सासू आठवडाभर बोलली नाही, नंतर बोलायला लागली. नवऱ्यानं त्या दिवसापासून नळीतून स्वतःचं स्वतः घ्यायला सुरुवात केली. पुढं नळी निघाल्यावर तो मला म्हणाला, "ती समोर असली की मी पेशंटच राहतो, ताई." त्यालाही त्या दोन दिवसांत काही तरी परत मिळालं होतं.

आता आपल्या कामाचं बोलू. महात्मा फुले जनआरोग्य योजनेत ऑपरेशनचा खर्च निघतो. पण घरी आणल्यावर चार-सहा महिने जी बाई मजुरी बुडवून त्याला सांभाळते, तिचा हिशेब त्या योजनेत नाही. केरळ सरकारनं 'आश्वासकिरणम्' योजनेत अंथरुणाला खिळलेल्यांना सांभाळणाऱ्यांसाठी महिना ६०० रुपये ठेवले. रक्कम तुटपुंजी आहे, पण हे काम आहे एवढं तरी तिथं मान्य झालं. ही मागणी आपण इथं लावून धरायला हवी.

मागणी मान्य होईपर्यंत गट काय करू शकतो? गटातल्या कुणाच्या घरी मोठं आजारपण आलं, तर पहिल्या महिन्यातच ठरवा की आठवड्यातला एक दिवस तिचा. त्या दिवशी घरातल्या एका पुरुषानं आजाऱ्याचं करायचं, आणि ते त्याला आधी शिकवायचं. गट सहलीला निघाला, तर 'हिला जमणार नाही' असं आपणच ठरवून तिचं नाव गाळू नका. तिला विचारा, आजाऱ्याला विचारा, डॉक्टरांना विचारा. डॉक्टर नको म्हणाले तर थांबा. शेजारीण नको म्हणाली तर थांबू नका. आणि ती परत येईल त्या दिवशी तिला घरापर्यंत एकटीला पाठवू नका.

आणि 'मालकांचं कोण बघणार' हे आपल्या जिभेवर आलंच, तर पुढचं वाक्य हे असू द्या: "चल, बघायला कोण कोण आहे ते आपण मोजू."

एवढं बोलून मी थांबते. आता तुमच्या गावातलं तुम्ही सांगा.