रोझबाईंचं दुकान



गटाच्या बैठकीत पैशाची मागणी दोन वाटांनी येते. एखादी आपलीच सदस्य म्हणते, मला शिलाई मशीन घ्यायचंय, वीस हजार द्या. आणि कधी बाहेरचा कुणी चहा पिता पिता सांगतो, ताई, गटाचे पैसे बँकेत पडून काय कामाचे? आमच्याकडे ठेवा, दोन वर्षांत दुप्पट. दोन्ही वेळा पैसे आपल्या घामाचेच. ते कुणाच्या हाती द्यायचे, हे ठरवायचं कसं? जन्मभर हेच एक काम केलेल्या माणसाची गोष्ट आज सांगते. त्याहून जास्त सांगणार आहे ती त्याने पारखलेल्या एका बाईची.

अमेरिकेत नेब्रास्का राज्यात ओमाहा नावाचं शहर आहे. तिथले वॉरन बफे, जन्म १९३० चा. जगातल्या सगळ्यांत श्रीमंत माणसांत त्यांचं नाव घेतात. हा पैसा त्यांनी दुसऱ्यांच्या चालत्या धंद्यांत पैसे गुंतवून मिळवला. राहतात मात्र १९५८ साली घेतलेल्या घरातच.

त्यांचे गुरू होते बेंजामिन ग्रॅहम. त्यांची शिकवण आपल्याला बाजारातल्या म्हशीवरून लगेच कळेल. दुष्काळात चारा संपला की बाजारात म्हशींची रांग लागते आणि भाव पडतो. दिवाळीच्या तोंडावर तीच म्हैस महाग होते. म्हैस तीच, दूधही तेवढंच. बदलला तो फक्त बाजाराचा मूड. म्हणून ग्रॅहम सांगायचे, भाव वेगळा आणि मोल वेगळं. मोल आधी स्वतः काढायचं, आणि भाव त्याच्या बराच खाली असेल तेव्हाच हात घालायचा. म्हणजे आपला अंदाज थोडा चुकला तरी मुद्दल बुडत नाही.

पण स्वस्त मिळाली म्हणून भाकड म्हैस घेतली तर? बफे यांनी नेमकं तेच केलं होतं. बर्कशायर हॅथवे नावाची एक कापड गिरणी स्वस्तात मिळते म्हणून १९६५ मध्ये त्यांनी ताब्यात घेतली. वीस वर्षं चालवून पाहिली आणि शेवटी १९८५ मध्ये बंद केली. यंत्रांत कितीही पैसा ओतला तरी कापडात नफा उरत नव्हता. ही आपली मोठी चूक होती, हे त्यांनी स्वतःच वारंवार सांगितलंय. पुढे ते स्वस्ताईपेक्षा धंदा चांगला आहे का आणि चालवणारी माणसं कशी आहेत, हे आधी बघायला लागले.

आता त्या बाईकडे येऊ. नाव रोझ ब्लमकिन, सगळे त्यांना मिसेस बी म्हणत. आपण रोझबाई म्हणू. जन्म १८९३ चा, रशियात मिन्स्क शहराजवळच्या खेड्यातला. आईचं छोटं किराणा दुकान होतं, त्यातच त्या वाढल्या. शाळेची पायरी कधी चढल्या नाहीत. नवरा आधीच अमेरिकेला गेला होता. पहिलं महायुद्ध चालू असताना १९१७ मध्ये ही बाई एकटी सैबेरिया, चीन, जपान असा वळसा घालून त्याच्याकडे पोहोचली. इंग्रजीचा गंध नव्हता. शाळेत जाणारी मुलगी घरी येऊन आईला शब्द शिकवायची.

१९३७ मध्ये ओमाहात ५०० डॉलरच्या भांडवलावर त्यांनी फर्निचरचं दुकान काढलं. रीत एकच, स्वस्त विकायचं आणि खरं बोलायचं. १०० डॉलरला आलेली वस्तू ११० ला द्यायची. बाकीचे दुकानदार कितीतरी जास्त लावायचे, ते चिडले. त्यांचं ऐकून कंपन्यांनी रोझबाईंना माल देणं बंद केलं. बाईंनी दुसऱ्या शहरांतल्या दुकानदारांकडून माल आणला आणि तरीही स्वस्त विकला. गालिच्यांच्या कंपनीने त्यांना कोर्टात खेचलं, तेव्हा बाईंनी न्यायाधीशांना सांगितलं की मी दहा टक्के नफा घेते, गिऱ्हाईकाला लुबाडत नाही, यात माझा गुन्हा काय? दावा फेटाळला गेला. दुसऱ्या दिवशी ते न्यायाधीशच दुकानात येऊन १,४०० डॉलरचे गालिचे घेऊन गेले, असं तिकडे आवडीने सांगतात.

इथे जरा थांबते, कारण दहा टक्के ऐकून आपल्याकडे घोटाळा होऊ शकतो. रोझबाई तयार माल विकत घेऊन विकत होत्या, आणि विक्री इतकी होती की त्या दहा टक्क्यांतच दुकानाचा खर्च निघायचा. आपण माल स्वतः बनवतो. समजा एक किलो मसाल्याला मिरची-धने वगैरे ३०० रुपयांचं लागलं, पाकिटं २० रुपयांची, दळण १५, बाजारापर्यंतचं भाडं १५ आणि दोघींची मजुरी ५०. झाले ४०० रुपये. पण आपल्या बऱ्याच गटांत भाडं आणि मजुरी वहीत येतच नाही. ३३५ धरून त्यावर दहा टक्के लावले की भाव निघतो ३६८ रुपयांच्या आसपास. प्रत्येक किलोमागे तीस-बत्तीस रुपये तोटा, आणि आपण म्हणतो नफा झाला! बाईच्या मजुरीला शून्य किंमत धरायची ही सवय घरातून धंद्यात आलीय.

कर्जाचंही ऐका. १९५० च्या सुमारास मंदी आली, माल पडून राहिला, देणेकऱ्यांचे पैसे थकले. ओळखीच्या बँकरने ९० दिवसांसाठी ५० हजार डॉलर दिले. बाईंना झोप येईना. त्यांनी शहरातलं मोठं सभागृह भाड्याने घेतलं आणि तीन दिवसांत अडीच लाख डॉलरचा माल विकून टाकला. कर्ज फेडलं आणि त्यानंतर कधी काढलं नाही.

१९८३ मध्ये एका दुकानाची वर्षाची विक्री १० कोटी डॉलरच्या वर गेली होती. रोझबाई तेव्हा ८९ वर्षांच्या. बफे आपल्या वाढदिवशी दुकानात गेले आणि विकता का म्हणून विचारलं. बाईंनी आकडा सांगितला. घासाघीस नाही, मालाची मोजदाद नाही, जेमतेम सव्वा पानाचा करार. साधारण साडेपाच कोटी डॉलरना दुकानाचा मोठा हिस्सा बफे यांनी घेतला.

हे ऐकून कुणी म्हणेल, बघा, विश्वासावर चालतं जग. मला हे पटत नाही. बफे त्याच शहरातले. त्या दुकानाकडे त्यांचं कित्येक वर्षं लक्ष होतं. खर्च किती कमी, उधारी किती, गिऱ्हाईक परत परत का येतं, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. विश्वास शेवटी आला, माहिती आधी. शिवाय बफे यांचा अंदाज चुकला असता तर दुसरीकडून भागलं असतं. आपल्या गटाला दुसरा खिसा नाही, म्हणून मोजदाद आपण करायचीच. शिलाई मशीन मागणाऱ्या सदस्येचं घर, हात आणि हप्ते आपण पाच वर्षं पाहिलेले असतात. दुप्पट देणाऱ्या पाहुण्याचं आपण काय पाहिलेलं असतं? पैसे तो कुठे लावणार आणि तिथे नफा कशातून निघणार, हे आपल्याला समजेल असं त्याने सांगितलं नाही, तर चहा पाजून वाटेला लावायचं.

पदाधिकाऱ्यांसाठी आणखी एक. दुकान घेतल्यावर बफे तिथे खुर्ची टाकून बसले नाहीत. चालवणारं कुटुंब तेच राहिलं, रोझबाई गालिच्यांच्या विभागात आपल्या जागी. कर्ज दिलं म्हणून सदस्येच्या दुकानात रोज डोकावणाऱ्या अध्यक्ष मी पाहिल्यात. हिशेब महिन्याला मागा. काउंटर तिचा तिला सांभाळू द्या.

पण बफे एक गोष्ट लिहून घ्यायला विसरले होते. १९८९ मध्ये नातवांशी वाद झाला आणि ९५ वर्षांच्या रोझबाई रागाने बाहेर पडल्या. त्यांनी समोरच स्वतःचं नवं दुकान थाटलं. बाहेर पडल्यावर स्पर्धा करायची नाही, असं त्या सव्वा पानात कुठेच नव्हतं. दुकान जोरात चाललं. १९९२ मध्ये बफे यांना तेही विकत घ्यावं लागलं. या वेळी मात्र स्पर्धा न करण्याच्या कागदावर त्यांनी सही घेतली. बाई तेव्हा ९९ च्या घरात होत्या, आणि शंभरी उलटल्यावरही छोट्या गाडीवर बसून गालिचे विकत राहिल्या.