जोडाची मालकी कोणाची?

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचा मजकूर)



दूरसंचार हा विषय अभ्यासवर्गाच्या कार्यक्रमपत्रिकेवर पाहून आपल्यापैकी काहींना आश्चर्य वाटले असेल. शेतीमालाचे भाव, रोजगार हमी, असंघटित कामगारांचे प्रश्न हे आपले नित्याचे विषय. यंत्रे आणि तारा यांचे शास्त्र अभियंत्यांनी पाहावे, त्यात आपण काय सांगणार, ही शंका स्वाभाविक आहे. तिचे उत्तर मी रेशनच्या दुकानापासून देतो.

आज रेशनचे धान्य बोटाच्या ठशावर मिळते. ठसा दुकानातील यंत्रावर उमटतो, पण तो पटवून घेण्यासाठी त्या यंत्राला दूरच्या संगणकाशी संपर्क साधावा लागतो. ज्या दिवशी हा संपर्क होत नाही, त्या दिवशी म्हातारी रिकामी पिशवी घेऊन घरी परतते. दुकानदार म्हणतो, "रेंज नाही." रेंज का नाही, याचा शोध घेऊ लागलो की आपण एका विचित्र साखळीत शिरतो. मनोरा एका कंपनीचा. त्यावरील यंत्र दुसरीने बनवलेले आणि तिसरीने चालवलेले. मनोऱ्यापर्यंत आलेली फायबर केबल चौथ्याच संस्थेची. वीज पाचव्याची, आणि वीज गेली तर जनित्रात डिझेल घालणारा माणूस कंत्राटदाराचा. प्रत्येकाच्या कार्यालयातील फलकावर आपापला भाग सुरळीत चालू असल्याचा हिरवा दिवा दिसत असतो. बिघाड बहुधा जोडात असतो आणि जोड कोणाच्याच खात्यावर मांडलेला नसतो. आज मला या जोडाविषयीच बोलायचे आहे.

हा प्रश्न नवा नाही. तारायंत्र युरोपात पसरले तेव्हा प्रत्येक राज्याची यंत्रे वेगळी, संकेत वेगळे, दर वेगळे. 1850 च्या दशकाच्या प्रारंभी फ्रान्स आणि बाडेन या दोन राज्यांनी स्ट्रासबूर्ग येथे एक सामाईक तारघर ठेवले होते. तेथे एका बाजूचा कर्मचारी आलेली तार कागदावर उतरवून घेई, ती दुसऱ्या बाजूच्या कर्मचाऱ्याच्या हाती देई आणि तो ती आपल्या भाषेत व आपल्या यंत्रावरून पुढे पाठवी. विजेच्या वेगाने आलेला निरोप सरहद्दीवर माणसाच्या हातातून सरकत असे! ही अडचण दूर करण्यासाठी 20 राज्यांचे प्रतिनिधी पॅरिसला जमले आणि 17 मे 1865 रोजी आंतरराष्ट्रीय तार संघाचा करार झाला. तीच संस्था पुढे आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघ झाली आणि आज ती संयुक्त राष्ट्रांच्या परिवारात आहे. सार्वभौम राज्यांनी आपापली यंत्रे आपापल्याकडे ठेवली, परंतु जोडाचे नियम मात्र सर्वांचे केले. हे तत्त्व लक्षात ठेवण्याजोगे आहे.

जेथे हे तत्त्व पाळले गेले नाही तेथे काय झाले? अमेरिकेत ग्रॅहम बेल यांच्या पेटंटची मुदत 1890 च्या दशकात संपली आणि गावोगावी स्वतंत्र दूरध्वनी कंपन्या निघाल्या. बेलच्या कंपनीने आपल्या दूर पल्ल्याच्या तारा त्यांना जोडू देण्याचे नाकारले. एकाच शहरात दोन कंपन्या आणि एकीच्या ग्राहकाला दुसरीच्या ग्राहकाशी बोलता येत नाही, अशी स्थिती झाली. दुकानदारांना भिंतीवर दोन दूरध्वनी टांगावे लागत. शेवटी 1913 मध्ये, मक्तेदारीविरोधी कायद्याच्या दडपणाखाली, कंपनीने दूर पल्ल्याच्या तारा स्वतंत्र कंपन्यांना जोडून देण्याचे सरकारला लेखी कबूल केले. स्पर्धेने जोड आपोआप निर्माण होतो, ही समजूत शंभर वर्षांपूर्वीच खोटी ठरलेली आहे. ज्याचे जाळे मोठे, त्याला जोड नाकारण्यात लाभ असतो. कारण लहान जाळ्याचा ग्राहक कंटाळून अखेर त्याच्याकडेच येतो.

आता आपल्या देशाकडे वळू. मुंबई, कलकत्ता आणि मद्रास येथील खाजगी दूरध्वनी कंपन्या सरकारने 1943 मध्ये ताब्यात घेतल्या. स्वातंत्र्यानंतर 1948 मध्ये बंगळूरला इंडियन टेलिफोन इंडस्ट्रीज हा सार्वजनिक कारखाना उभा राहिला. मालकी एकाच खात्याची होती, तरी यंत्रे एका जातीची कधीच नव्हती. आधी ब्रिटिश पद्धतीची स्ट्रोजर केंद्रे, मग बेल्जियमकडून घेतलेली क्रॉसबार, त्यानंतर 1982 च्या कराराने फ्रान्सकडून आलेली ई-10-बी ही इलेक्ट्रॉनिक केंद्रे. पश्चिमेत एक दूरध्वनी एक कुटुंब वापरते. आपल्याकडे एका दूरध्वनीवर सारी आळी बोले. तो भार बेल्जियमच्या रचनेला पेलला नाही. या भिन्न पिढ्यांची यंत्रे एकमेकांशी बोलती ठेवण्याचे काम खात्याच्या तंत्रज्ञांनी व लाइनमननी वर्षानुवर्षे केले. त्या श्रमाची नोंद कोणत्याही गौरवग्रंथात नाही.

1984 मध्ये सी-डॉट ही सरकारी संशोधन संस्था स्थापन झाली. तिने ग्रामीण भागासाठी 128 जोडण्यांचे लहान केंद्र तयार केले आणि कर्नाटकातील कित्तूर येथे 1986 मध्ये ते बसवण्यात आले. वातानुकूलनाशिवाय, धुळीत आणि उन्हात ते चालावे, हा त्याच्या रचनेचा हेतू होता. त्याहून महत्त्वाची गोष्ट अशी की, रचना सार्वजनिक संस्थेची राहिली आणि ती सरकारी व खाजगी अशा अनेक कारखान्यांना उत्पादनासाठी देण्यात आली. बनवणारे पुष्कळ, पण जोडाचे ज्ञान समाजाच्या मालकीचे. माझ्या मते हा खरा समाजवादी प्रयोग होता. मात्र आपण त्याला त्या नावाने कधी ओळखले नाही.

याच सुमारास, 1980 च्या दशकाच्या अखेरीस, आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या समितीने निरनिराळ्या उत्पादकांच्या यंत्रांचे एकत्र व्यवस्थापन कसे करावे, याचा आराखडा मांडला. त्यातून व्यवस्थापनाची पाच कामे निश्चित झाली: बिघाड शोधणे, यंत्रांची मांडणी ठरवणे, हिशेब ठेवणे, कामगिरी मोजणे आणि सुरक्षा राखणे. यंत्र कोणाचेही असो, व्यवस्थापनाच्या केंद्राशी त्याने ठरलेल्या एकाच भाषेत बोलावे, अशी ती कल्पना होती. कल्पना उत्तम होती. परंतु व्यवहारात पुष्कळ कंपन्यांनी आपल्या यंत्रांची आतली भाषा आपल्यापाशीच राखली. कारण उघड आहे. जो भाषा राखतो, तो सुटे भाग, दुरुस्ती आणि पुढची खरेदी हेही आपल्या हाती राखतो. मग एखादी कंपनीच बुडाली तर? कॅनडाच्या नॉर्टेल कंपनीने 2009 मध्ये दिवाळखोरी जाहीर केली, तेव्हा तिची यंत्रे घेतलेल्या जगभरच्या जाळ्यांपुढे हाच प्रश्न उभा राहिला.

1994 च्या धोरणाने दूरसंचाराची मूलभूत सेवा खाजगी भांडवलाला खुली झाली. 1997 मध्ये नियामक प्राधिकरण आले. ऑक्टोबर 2000 मध्ये खात्याचे रूपांतर भारत संचार निगममध्ये झाले. त्याविरुद्ध कर्मचाऱ्यांनी त्याआधीच्या महिन्यात संप केला होता. तेव्हापासून एका घरातील जोड हा अनेक मालकांमधील व्यवहार बनला. सप्टेंबर 2016 मध्ये रिलायन्स जिओची सेवा सुरू झाली. तिच्या ग्राहकांचे कॉल इतर कंपन्यांच्या जाळ्यांत शिरताना मोठ्या प्रमाणावर अडू लागले. जिओचे म्हणणे होते की, जोडबिंदू पुरेसे दिले जात नाहीत. इतरांचे म्हणणे होते की, फुकट कॉलचा लोंढा आमच्यावर लोटला जात आहे. नियामक प्राधिकरणाने ऑक्टोबर 2016 मध्ये एअरटेल, व्होडाफोन आणि आयडिया यांना मिळून 3,050 कोटी रुपये दंड करण्याची शिफारस केली.

या भांडणात कोणाची बाजू घ्यावी, हा आपला प्रश्न नाही. आपला प्रश्न हा की, दोन भांडवलदारांच्या झगड्यात ज्याचा कॉल अडला, त्या सामान्य माणसाला जोडबिंदूच्या त्या खोलीत कोणते स्थान होते? आणि काल दाराबाहेर उभा असलेला आज घराचा मालक झाला आहे, हेही विसरता येत नाही. 2025 मध्ये देशातील सत्तर टक्क्यांहून अधिक मोबाइल ग्राहक दोनच कंपन्यांकडे होते.

उलट, राज्यसंस्थेने मनावर घेतले तर काय होते याचे उदाहरणही आपल्याकडे आहे. आपला क्रमांक कायम ठेवून कंपनी बदलण्याची सोय 20 जानेवारी 2011 पासून देशभर लागू झाली. कंपन्यांनी तांत्रिक अडचणींचे पाढे वाचले होते. आदेश निघाला, सामाईक नोंदवही तयार झाली, आणि भिन्न जाळी निमूटपणे एकमेकांशी बोलू लागली. अडचण यंत्रांची कमी आणि इच्छेची अधिक होती.

सारे काही एका मालकाच्या हाती असले म्हणजे जोडाचा प्रश्न सुटतो, असा मात्र भाबडा समज नको. 8 जुलै 2022 रोजी कॅनडातील रॉजर्स या कंपनीचे जाळे कोसळले. मांडणीतील एक बदल करताना एक गाळणी काढली गेली आणि मध्यवर्ती यंत्रे माहितीच्या लोंढ्याखाली बसली. 1 कोटी 20 लाखांहून अधिक ग्राहकांची सेवा बंद पडली. अनेकांना आणीबाणीचा क्रमांक लागेना. देशभर डेबिट कार्डाचे व्यवहार थांबले. आणि दुरुस्ती करणार कोण? व्यवस्थापनाचे जाळे त्याच कोसळलेल्या जाळ्यावर अवलंबून होते, अभियंत्यांचे दूरध्वनीही त्याच कंपनीचे! विहिरीत पडलेल्याला वर काढण्याचा दोरच विहिरीत ठेवला होता. भिन्नता ही केवळ अडचण नसते, ती सुरक्षाही असते. जाळी अनेक असावीत, जोड भक्कम असावा, आणि जोडावर लक्ष ठेवणारा डोळा स्वतंत्र असावा.

आता सार्वजनिक क्षेत्राविषयी. सेप्टेंबर 2016 मध्ये 4-जी सेवेची घोडदौड सुरू झाली तेव्हा भारत संचार निगमला तिच्यासाठी ध्वनिलहरीही मिळालेल्या नव्हत्या. त्या देण्याचा निर्णय 2019 मध्ये झाला. 2020 मध्ये काढलेली निविदा रद्द झाली. जानेवारी 2020 च्या अखेरीस सुमारे 78 हजार कर्मचारी स्वेच्छानिवृत्तीने एकाच दिवशी बाहेर पडले. जोड कोठे सुटतो आणि तो कसा बांधायचा, हे हाताला ठाऊक असलेली एक पिढी त्या दिवशी घरी गेली. सप्टेंबर 2025 मध्ये देशी बनावटीच्या 4-जी जाळ्याचे उद्घाटन झाले. त्याचा गाभा सी-डॉटचा, रेडिओ-यंत्रे तेजस कंपनीची, आणि सर्वांची जुळणी टाटा कन्सल्टन्सीची; शेवटच्या दोन्ही कंपन्या एकाच उद्योगसमूहातील. देशी यंत्र तयार झाले, याचे स्वागत आपण मनापासून केले पाहिजे. परंतु विचारलेही पाहिजे की, जुळणीचे ज्ञान करार संपल्यावर कोणाकडे राहणार? निगमच्या अभियंत्याकडे की कंत्राटदाराकडे?

येथे आपण आत्मपरीक्षणही केले पाहिजे. जुन्या खात्याच्या काळात दूरध्वनीसाठी वर्षानुवर्षे प्रतीक्षा करावी लागे, हे नाकारण्यात अर्थ नाही. 1977 च्या जनता सरकारात प्रारंभीचे काही महिने दळणवळण खाते जॉर्ज फर्नांडिस यांच्याकडे, म्हणजे आपल्याच चळवळीकडे होते. तार व टपाल कर्मचाऱ्यांच्या संघटनांतही आपली माणसे होती. तरीही आपली चर्चा मालकी आणि वेतन या दोन खुंट्यांभोवती फिरत राहिली. मालकी सरकारची झाली की सारे सुरळीत होईल, असे आपण धरून चाललो. एकाच मालकाच्या दोन खात्यांमध्येही जोड तुटलेला असू शकतो, हे त्या खात्यापुढे रांगेत उभ्या असलेल्या माणसाला ठाऊक होते, आपल्याला नव्हते.

यास्तव काही मागण्या मी आपल्यापुढे ठेवतो. पहिली, सार्वजनिक पैशाने घेतलेल्या प्रत्येक यंत्राची व्यवस्थापनाची भाषा खुली असावी आणि तिचे संपूर्ण दस्तऐवज सार्वजनिक संस्थेच्या ताब्यात असावेत. दुसरी, कंपन्यांमधील जोडबिंदूंवर किती कॉल अडले, याचे आकडे नियमितपणे आणि ठिकाणानिशी प्रसिद्ध व्हावेत. सर्वोच्च न्यायालयाने 1995 मध्येच ध्वनिलहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे असे म्हटले आहे. तिच्या वापराचा हिशेब मागणे हा आपला हक्क आहे. तिसरी, गाव हे मोजमापाचे एकक व्हावे. 2024 च्या नियमांनुसार 24 तासांहून अधिक काळ सेवा बंद राहिल्यास ग्राहकाला सवलत द्यावी लागते. पण तेथे एकक जिल्हा आहे. डोंगरातील एखादे गाव दहा दिवस मुके राहिले, तरी जिल्हा बोलत असतो. चौथी, जोड सांभाळणारा तंत्रज्ञ कायम नोकरीत आणि प्रशिक्षित असावा; कंत्राटाच्या मुदतीबरोबर त्याचे ज्ञान गावाबाहेर जाऊ नये.

आणि मागण्यांआधी एक काम. आपापल्या तालुक्यात एक साधी वही ठेवा. सेवा कधी बंद पडली, कधी सुरू झाली, त्या काळात रेशन, बँक, दवाखाना यांपैकी काय अडले, तक्रार कोणाकडे केली आणि त्याने कोणाकडे बोट दाखवले, एवढेच लिहा. भारत संचार निगमला माहितीच्या अधिकारात प्रश्न विचारता येतात. खाजगी कंपन्यांना त्या कायद्याने थेट विचारता येत नाहीत. म्हणून आपली वही हाच तेथे पुरावा ठरेल. सहा महिन्यांच्या वह्या एकत्र केल्या, तर कोणत्याही कंपनीच्या फलकावर न दिसणारे चित्र आपल्या हाती येईल.

प्रत्येकाचा दिवा हिरवा आहे आणि म्हातारीची पिशवी रिकामी आहे. या दोहोंच्या मधली जागा म्हणजेच राजकारण. ती जागा अभियंत्यांवर आणि कंपन्यांवर सोडून देण्याचा अधिकार आपल्याला नाही.