परसातलं घर कुणासाठी?

तुमच्यापैकी अनेकांची मुलं कॅलिफोर्नियात आहेत. त्यांच्या घराच्या मागे किंवा गॅरेजच्या जागी बांधलेल्या छोट्या घरात तुमच्यातले काही जण सहा महिने राहूनही आले असतील. त्याला तिथे एडीयू म्हणतात. आपल्या जुन्या बंगल्यांच्या आउटहाऊससारखंच ते, पण स्वयंपाकघर, न्हाणीघर आणि दार स्वतंत्र. आईवडील पुण्याला परतले की मुलगा विचारतो, आता हे भाड्यानं देऊ का?

द्या. पण कोणत्या अटींवर, ते नीट समजून घ्या.

पूर्वी तिथली शहरं अशा घरांना सहसा दाद देत नसत. पार्किंग दाखवा, शेजाऱ्यांच्या हरकती ऐका, शुल्क भरा. १ जानेवारी २०२० पासून राज्याच्या कायद्यानं हे मोडीत काढलं. अर्ज पूर्ण असेल तर ६० दिवसांत निर्णय द्यायचा, जाहीर सुनावणी नाही. ७५० चौरस फुटांहून लहान घराला विकास शुल्क माफ. गॅरेजचं घर केलं तर गेलेल्या पार्किंगच्या बदल्यात दुसरं मागायचं नाही. मालकानं त्याच आवारात राहिलं पाहिजे ही जुनी अटही गेली, आणि २०२३च्या कायद्यानं ती कायमची गेली. मला हे योग्य वाटतं. मालकाची बदली झाली म्हणून भाडेकरूचं घर का जावं?

एवढी सूट समाजानं दिली ती घरांची टंचाई आहे म्हणून. म्हणूनच ३० दिवसांहून कमी मुदतीनं ते भाड्यानं द्यायचं नाही, असा नियम शहरांना करता येतो. लॉस एंजेलिसनं तो केला आहे. १ जानेवारी २०१७ नंतर परवान्यासाठी अर्ज केलेला एडीयू पर्यटकांना रोजच्या भाड्यानं देता येत नाही. मालक स्वतः त्यातच कायम राहत असेल तरच अपवाद. पर्यटकांकडून जास्त पैसे मिळतात, हे खरं. पण शेजाऱ्यांनी हरकतीचा हक्क सोडला तो एखाद्या नर्सला, शिक्षकाला शहरात राहता यावं म्हणून. तिथे हॉटेल चालवणं मी अन्यायच मानतो.

आपल्या अकरा महिन्यांच्या लिव्ह अँड लायसन्सची सवय मात्र इथेच ठेवून जा. १ जुलै २०२४ पासून अनामत एका महिन्याच्या भाड्याएवढीच. अगदी छोट्या मालकाला दोन महिन्यांची मुभा. लॉस एंजेलिसमध्ये सहा महिने झाले, किंवा त्याआधी करार संपला, की कायद्यात बसणाऱ्या कारणाशिवाय भाडेकरूला काढता येत नाही. आईवडिलांना तिथे राहायला आणणं हे त्यात बसणारं कारण आहे. पण त्यासाठी घर रिकामं करून घ्यायचं, तर भाडेकरूला कायद्यानं ठरवलेला स्थलांतराचा खर्च द्यावा लागतो. तिकीट काढण्याआधी मुलाला हे विचारा.