कुंडीतला डोंगर



बोन्साय म्हणजे झाडाला उपाशी ठेवून खुजे करण्याची विद्या, असा एक समज आपल्याकडे रूढ आहे. तो आम्ही प्रथम दूर करू इच्छितो. उपाशी झाड शतके जगत नाही. वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय वृक्षोद्यानातला एक जपानी पाइन १६२५ पासून जोपासलेला आहे. १९४५ साली हिरोशिमावर अणुबाँब पडला, तेव्हा तो स्फोटापासून सुमारे तीन किलोमीटरांवर होता. तो वाचला, आणि १९७६ साली त्याच्या धन्याने तो अमेरिकेलाच भेट दिला!

या कलेचा गुरू डोंगर. उंच कड्यावर मूठभर माती, वर्षातले थोडेच दिवस वाढीचे. वारा एकाच बाजूने झोडपतो. त्या बाजूचे कोंब मरतात. बर्फाच्या भाराने फांद्या खाली वाकतात. 'शिम्पाकु' नावाच्या ज्युनिपरचे खोड तर बहुतांशी वाळून पांढरे पडते. एक जिवंत पट्टी तेवढी मुळापासून शेंड्यापर्यंत पाणी पोचवते. मेलेल्या फांदीला जपानी माणूस 'जिन' म्हणतो, सोललेल्या खोडाला 'शारी'.

कुंडीत हेच साधायचे. तारेने फांदी वाकवावी, काही वर्षांनी मुळे छाटून पाणी झिरपणारी भरड माती द्यावी. पण हौशी माणूस वाटेल तेथे साल सोलतो आणि झाड खोटे दिसते. डोंगरावर प्रत्येक जखमेला कारण असते. म्हणून हत्यार उचलण्यापूर्वी विचारावे: या झाडावर काय गुदरले? वारा म्हणाल, तर सगळ्या फांद्या एकाच दिशेला गेल्या पाहिजेत. कडा म्हणाल, तर शेंडा कुंडीच्या काठाखाली उतरला पाहिजे.

मात्र गुरूलाच लुटू नये. इतोइगावाच्या कड्यांवरचे शिम्पाकु विसाव्या शतकात दोरांवर लोंबकळून माणसांनी उपटून नेले. त्यात काहींचे प्राण गेले, आणि कडेही ओस पडले. वास्तविक शिम्पाकु छाटकलमाने सहज लागतो. आज तो रोपवाटिकांत तसाच वाढवतात.

आपल्या गडांच्या बुरुजांत रुजलेला पिंपळ आपण सर्वांनी पाहिला आहे. चिऱ्याला मिठी मारणारी त्याची मुळे डोळे भरून पाहावीत, कागदावर उतरवावीत. आणि घरी येऊन साध्या रोपावर हात चालवावा. डोंगराकडून आकार घ्यावा, झाड तेथेच राहू द्यावे, एवढेच आमचे मागणे आहे.