शाळेच्या संकेतस्थळासाठी विश्वासू जागेची निवड
(गडचांदूर येथील शिक्षण परिषदेत शिक्षण विस्तार अधिकाऱ्यांनी केलेल्या भाषणाचा मजकूर)



सकाळच्या सत्रात आपण भाषा व गणित या विषयांच्या अध्यापनाचा विचार केला. आता काहीशा रूक्ष वाटणाऱ्या, परंतु आपल्या कामाशी निकटचा संबंध असलेल्या एका विषयाकडे मी आपले लक्ष वेधू इच्छितो. आपल्या भागातील काही शाळांनी स्वतःची संकेतस्थळे उभारली आहेत. ज्या संस्थेने त्यांना महाजालावर जागा दिली, तिचा करार संपत आला, अथवा तिची सेवा समाधानकारक राहिली नाही, म्हणजे नवी संस्था कशी निवडावी, असा प्रश्न आपल्यापैकी अनेकांनी मला विचारला आहे. त्याचे उत्तर आज एकत्रितपणे द्यावे, असा माझा मानस आहे.

हा प्रश्न केवळ यंत्राचा आहे, अशी कोणी समजूत करून घेऊ नये. जिवती व कोरपना तालुक्यांतील पाड्यांवरून पहिलीत येणाऱ्या कित्येक मुलांची घरची भाषा कोलामी अथवा गोंडी असते. अशा मुलांसाठी एखादा शिक्षक चार वर्षे खपून गावातील वृद्धांकडून शब्द गोळा करतो, त्यांचे उच्चार ध्वनिमुद्रित करतो, त्यांना मराठी शब्दांची जोड देतो आणि हा सारा संग्रह शाळेच्या संकेतस्थळावर ठेवतो. पुढे त्याची बदली होते आणि त्याच्या जागी येणाऱ्या शिक्षकाला तो संग्रह म्हणजे हाती आलेला दिवाच होय. अभ्यासपत्रिका नाहीशा झाल्या तर पुन्हा करता येतील. परंतु ज्या आजीने ते शब्द सांगितले ती आज हयात नसेल, तर तो आवाज पुन्हा कोठून आणावयाचा? जागेची निवड करताना हा ठेवा आपल्या डोळ्यांसमोर असला पाहिजे.

प्रथम तीन गोष्टींतील भेद स्पष्ट करून घेऊ. संकेतस्थळाचे नाव, त्याची जागा आणि आतील सामान या तीन स्वतंत्र वस्तू आहेत. नाव, ज्याला डोमेन म्हणतात, ते शाळेच्या दारावरील पाटीसारखे होय. जागा, म्हणजेच होस्टिंग, ही भाड्याच्या खोलीसारखी. ती कोणा कंपनीच्या सर्व्हरवर असते. सामान म्हणजे आपला मजकूर, चित्रे व ध्वनिमुद्रणे. खोली बदलली तरी पाटी आपलीच असावी आणि सामान आपल्यालाच उचलून नेता यावे, हे व्यवहारात कोणालाही पटते. महाजालावर मात्र पुष्कळदा ही तिन्ही एकाच माणसाच्या हाती दिली जातात आणि अडचणींचा उगम तेथेच होतो.

आपल्याच विभागातील एका शाळेचे उदाहरण, नाव न घेता, सांगतो. तेथील एका उत्साही शिक्षकाने स्वतःच्या ई-मेल पत्त्यावर शाळेच्या नावाची नोंदणी केली. हेतू निर्मळ होता. त्यांची दूरच्या तालुक्यात बदली झाली, मोबाइलचा क्रमांकही बदलला. नूतनीकरणाच्या सूचना जुन्या पत्त्यावर जात राहिल्या आणि त्या कोणी वाचल्या नाहीत. मुदत टळली, सवलतीचे दिवसही संपले आणि ते नाव कोणा अनोळखी व्यक्तीने विकत घेतले. शाळेच्या भिंतीवर जो पत्ता रंगवलेला होता, तो उघडला असता जुगाराच्या जाहिराती दिसू लागल्या. ग्रामस्थांना तोंड दाखविणे मुख्याध्यापकांना कठीण झाले. पुढच्यास ठेच, मागचा शहाणा, या न्यायाने आपण यातून बोध घ्यावा.

फुकट मिळणाऱ्या सेवांविषयीही दोन शब्द सांगणे अवश्य आहे. जिओसिटीज या नावाची एक फुकट सेवा एके काळी जगभर लोकप्रिय होती. लक्षावधी लोकांनी तेथे आपापली पाने मांडली होती. ती सेवा चालविणाऱ्या याहू कंपनीने २००९ च्या ऑक्टोबर महिन्यात ती बंद केली. फुकट नावे देणाऱ्या फ्रीनॉम या कंपनीने २०२३ मध्ये नवी नोंदणी थांबविली आणि २०२४ मध्ये त्या व्यवसायातून अंग काढून घेतले. जेथे आपण काही मोल देत नाही, तेथे आपणांस काही मागण्याचाही अधिकार नसतो. सरावासाठी फुकट जागा घ्यावी. ठेवा मात्र तेथे एकमेव प्रतीत ठेवू नये.

पैसे मोजून घेतलेली जागा तरी सर्वस्वी निर्भय असते काय? फ्रान्समधील स्ट्रासबर्ग येथे ओव्हीएच या मोठ्या कंपनीच्या सर्व्हर-इमारतीला १० मार्च २०२१ रोजी आग लागली आणि लक्षावधी संकेतस्थळे एका रात्रीत बंद पडली. ज्यांची दुसरी प्रत अन्यत्र होती ते सावरले; ज्यांची मूळ व दुसरी प्रत एकाच आवारात होती, त्यांपैकी कित्येकांचे सारे गेले. दक्षिण कोरियात सप्टेंबर २०२५ मध्ये डेजॉन येथील सरकारी माहितीकेंद्रास आग लागली, तेव्हा शासकीय कर्मचाऱ्यांच्या धारिका साठविणारी एक संपूर्ण व्यवस्था नष्ट झाली, कारण तिची प्रत बाहेर कोठेही नव्हती. कंपनी मोठी आहे अथवा व्यवस्था सरकारी आहे, एवढ्याने आपली जबाबदारी संपत नाही.

यावरून आजच्या विवेचनाचे सार मी असे मांडतो. जी संस्था सोडून जाणे सोपे आहे, तीच निवडण्यास योग्य. सर्व संस्था येण्याचे दार रुंद ठेवतात. जाण्याचे दार किती रुंद आहे, ते आपण पाहावयाचे. जिला आपल्या सेवेविषयी खात्री आहे, ती आपली वाट अडवून धरीत नाही. या कसोटीला धरून पुढील प्रश्न संस्थेस लेखी विचारावेत आणि उत्तरेही लेखीच घ्यावीत.

पहिला प्रश्न नावाचा. नोंदणी शाळेच्या नावे होणार की संस्थेच्या? ती शाळेच्याच नावे, शाळेच्या कायम ई-मेल पत्त्यावर असली पाहिजे. नाव दुसरीकडे नेण्यासाठी एक सांकेतिक शब्द लागतो. तो मागताच मिळेल काय, हेही विचारावे. शक्य तर नाव एका संस्थेकडे व जागा दुसरीकडे घ्यावी. म्हणजे एकीशी बिनसले तरी दुसरी वस्तू सुरक्षित राहते.

दुसरा प्रश्न दराचा. जाहिरातीत मोठ्या अक्षरांत छापलेला दर बहुधा पहिल्या मुदतीपुरता असतो. नूतनीकरणाचा दर त्याच्या दुप्पट-तिप्पट निघाल्याची उदाहरणे पुष्कळ आहेत. सादिल खर्चातून अथवा शाळा अनुदानातून जी रक्कम दरवर्षी निश्चित निघू शकेल, तिच्याशी दुसऱ्या वर्षाचा दर ताडून पाहावा. सुरक्षित जोडणीचे प्रमाणपत्र आज विनामूल्य मिळू शकते. त्यासाठी कोणी वेगळी मोठी रक्कम मागत असेल, तर तेथे सावध व्हावे. ‘अमर्याद जागा’ या शब्दांवर भुलू नये. अटींच्या पत्रकात धारिकांच्या संख्येची मर्यादा आढळतेच.

तिसरा प्रश्न अखंडतेचा. ‘९९.९ टक्के वेळ चालू’ असे आश्वासन दिले जाते. याचे गणित मुलांकडूनही करवून घेता येईल. वर्षाचे ८,७६० तास होतात, त्यांतील ०.१ टक्का म्हणजे सुमारे पावणेनऊ तास. परंतु ९९ टक्के म्हटले, की साडेतीन दिवसांहून अधिक काळ सेवा बंद राहण्यास मुभा मिळाली. शिवाय आश्वासन मोडल्यास भरपाई काय, तर बहुधा भाड्यात थोडी सूट एवढीच. सबब टक्केवारीपेक्षा प्रत्यक्ष अनुभव श्रेष्ठ मानावा. ज्या शाळा किंवा संस्था तीन वर्षांहून अधिक काळ त्या ठिकाणी आहेत, त्यांना विचारावे. महाजालावरील ‘उत्तम दहा संस्था’ अशा याद्यांवर विसंबू नये. त्यांपैकी अनेक याद्या लिहिणाऱ्यांना प्रत्येक ग्राहकामागे दलाली मिळते.

चौथा प्रश्न प्रतीचा, म्हणजे बॅकअपचा. प्रत किती दिवसांनी घेतली जाते, कोठे ठेवली जाते, किती दिवस राहते आणि परत मागितल्यास वेगळे पैसे पडतात काय? उत्तरे कितीही समाधानकारक असली, तरी आपली प्रत आपण स्वतः ठेवावीच. एकूण तीन प्रती, दोन निरनिराळ्या प्रकारच्या साधनांवर, त्यांतील एक अन्य गावी, हा जाणकारांचा सर्वमान्य नियम आहे. एक प्रत संकेतस्थळावर, दुसरी शाळेच्या संगणकात व तिसरी पेनड्राइव्हवर केंद्रशाळेत ठेवली, की तो नियम सहज पाळला जातो. वर्षातून एकदा ती प्रत उघडूनही पाहावी. न तपासलेली प्रत म्हणजे न उघडलेली धान्याची कोठी; आत कीड लागली की काय, ते कळत नाही.

पाचवा प्रश्न साहाय्याचा. पैसे भरण्यापूर्वी, रविवारी सायंकाळी, एखादी खरी शंका विचारून पाहावी. उत्तर किती वेळात येते आणि ते माणसाचे असते की ठोकळेबाज, यावरून पुष्कळ कळते. ग्राहक होण्यापूर्वी जे तत्परता दाखवीत नाहीत, ते पुढे दाखवतील ही आशा व्यर्थ होय.

सहावा प्रश्न आपल्या लिपीचा. आपल्यासाठी तो सर्वांत महत्त्वाचा आहे. संकेतस्थळ एका जागेवरून दुसऱ्या जागी नेताना मराठी मजकुराच्या जागी नुसती प्रश्नचिन्हे उमटली, असा अनुभव पुष्कळांना येतो. याचे कारण अक्षरांच्या साठवणीत असते. आज रूढ असलेल्या पद्धतीत देवनागरीच्या प्रत्येक वर्णचिन्हास तीन बाइट जागा लागते. गोंडीच्या दोन लिप्यांना, मसराम गोंडी व गुंजाळा गोंडी यांना, युनिकोडमध्ये अनुक्रमे २०१७ व २०१८ मध्ये स्थान मिळाले. त्यांच्या चिन्हांस मात्र चार बाइट लागतात. काही जुन्या माहितीसाठ्यांची रचना तीन बाइटांपुरतीच असते. तेथे मराठी नीट दिसेल, पण गोंडी लिपीतील शब्द साठवले जाणारच नाहीत. गुंजाळा हे गाव आपल्या सीमेपलीकडच्या आदिलाबाद जिल्ह्यातील आहे, म्हणजे ही गोष्ट दूरची नव्हे. यास्तव चार बाइटांची साठवण आहे काय, असे स्पष्ट विचारावे आणि चाचणीच्या पानावर ‘दऱ्याखोऱ्यांतील ज्ञान’ यांसारखी जोडाक्षरे व गोंडी लिपीतील एखादा शब्द लिहून तो जतन होतो की नाही, ते पाहावे. जुन्या, युनिकोडपूर्व टंकांतील मजकूर असेल, तर स्थलांतरापूर्वीच त्याचे रूपांतर करून घ्यावे.

स्थलांतर करताना घाई नको. नवी जागा घेऊन सारे सामान तेथे मांडावे, प्रत्येक पान तपासावे आणि मगच नावाची दिशा नव्या जागेकडे वळवावी. जुनी जागा त्यानंतरही निदान एक महिना चालू ठेवावी. हे काम मुदत संपण्याच्या आठवड्यात नव्हे, तर तीन महिने आधी सुरू करावे. तहान लागल्यावर विहीर खणणे शहाणपणाचे नव्हे. पानांचे पत्तेही होता होईतो जुनेच ठेवावेत. मराठी विश्वकोशाचा महाजालावरील पत्ता कालांतराने बदलला, तेव्हा जुने दुवे टिपून ठेवलेल्या वाचकांस नवा पत्ता शोधावा लागला. आपल्या अभ्यासपत्रिकांवर छापलेल्या दुव्यांचेही तसेच होऊ शकते.

डोंगरावरील शाळांच्या दृष्टीने आणखी एक सूचना. पान हळू उघडते याचा दोष नेहमी संस्थेचाच असतो असे नाही. मोबाइलवर काढलेले तीन-चार मेगाबाइटांचे छायाचित्र जसेच्या तसे चढविले, तर उत्तम सर्व्हरही दुर्बळ जोडणीपुढे हतबल होतो. तेच छायाचित्र दीडशे किलोबाइटांवर आणले, तर बांधावर उभ्या असलेल्या पालकालाही ते पाहता येईल. मुलांची पूर्ण नावे, पत्ते वा जन्मतारखा मात्र संकेतस्थळावर कदापि ठेवू नयेत आणि छायाचित्रांसाठी पालकांची लेखी संमती घ्यावी.

प्रत्येक शाळेस स्वतंत्र संकेतस्थळ हवेच काय, याचाही मोकळ्या मनाने विचार व्हावा. लहान पटाच्या शाळांनी मिळून केंद्राचे एकच संकेतस्थळ केले व प्रत्येकीस त्यात एकेक दालन दिले, तर खर्च विभागला जाईल आणि देखभालीस दोन जाणते शिक्षक पुरतील. एकाची बदली झाली तरी दुसरा राहील.

शेवटी तीन कामे आपणांवर सोपवितो. पहिले, संकेतस्थळाचे नाव कोणाच्या नावे व कोणत्या तारखेपर्यंत नोंदलेले आहे, ते या महिन्यात पाहून शाळेच्या नोंदवहीत लिहावे. दुसरे, पासवर्ड मोहोरबंद पाकिटात मुख्याध्यापकांच्या कपाटात ठेवावा आणि बदलीच्या वेळी कार्यभाराच्या यादीत जनरल रजिस्टरासोबत त्याचाही उल्लेख करावा. तिसरे, शाळा व्यवस्थापन समितीसमोर किमान तीन संस्थांची दरपत्रके व वरील सहा प्रश्नांची लेखी उत्तरे ठेवून ठराव करावा.

दाखल-खारिज नोंदीतील एक ओळ पुसली गेली तर आपण बेचैन होतो, कारण तिच्यावर एखाद्या मुलाचा पुढला दाखला अवलंबून असतो. मुलांच्या शब्दांचा हा नवा संग्रहही त्याच काळजीने सांभाळावयाचा आहे. आपण तो सांभाळाल, असा मला भरवसा वाटतो. इतके बोलून मी आपली रजा घेतो.