उभी गाडी, रिकामी बॅटरी

आजचा भाग त्यांच्यासाठी, ज्यांची गाडी एका गावात आणि स्वतः दुसऱ्या गावात. नोकरीसाठी बेंगळुरू, शिकायला जर्मनी, आणि कार राहिली सांगलीला, कव्हरखाली. निघताना सूचना काय? "बाबा, आठवड्यातून एकदा पाच मिनिटं चालू करा हां."

ही सूचना मला अजिबात पटत नाही. का, ते सांगतो.

गाडी बंद असली तरी पूर्ण झोपत नाही. घड्याळ, अलार्म, सेंट्रल लॉक, इंजिनाचा कॉम्प्युटर, वरून बसवलेला जीपीएस ट्रॅकर, सगळे थोडं थोडं पीत असतात. समजा ३० मिलिअँपिअर. ऐकायला किरकोळ, पण दिवसाला ०.७२ अँपिअर-अवर होतात, महिन्याला जवळपास २२. छोट्या कारची बॅटरी असते साधारण ३५ अँपिअर-अवरची. म्हणजे गाडी जागची हललीही नाही आणि साठ टक्के चार्ज गेला!

आता बाबांची पाच मिनिटं. आठवड्यात गेले पाच अँपिअर-अवर. उभ्या गाडीत इंजिन नुसतं गुरगुरत असताना पाच मिनिटांत परत येतात फार तर एक-सव्वा. वर एसी लावला तर तेवढेही नाहीत. इंजिन नीट तापत नाही, सायलेन्सरमध्ये पाणी साठतं ते वेगळंच. चालू करायचीच असेल तर अर्धा-पाऊण तास रस्त्यावर फिरवून आणा. पण बाबांचे गुडघे दुखत असतील, किंवा घरी फक्त आई असेल आणि तिला कार येत नसेल, तर हे कोण करणार?

आणि बॅटरी नुसती उतरली, पुन्हा चार्ज केली, इतकं सोपं नाही. लेड-अ‍ॅसिड बॅटरी उतरते तेव्हा आतल्या प्लेटांवर लेड सल्फेट बसतं. लगेच चार्ज केली तर ते विरघळतं. तशीच आठवडेन् आठवडे ठेवली तर त्याचे कडक खडे होतात, आणि तेवढी जागा कायमची वाया. २०२० च्या लॉकडाऊननंतर कितीतरी गाड्या नुसत्या टकटक करत बसल्या, आठवतंय? रात्री अडीच वाजता आजीला दवाखान्यात न्यायचंय आणि सेल्फ मारल्यावर तोच आवाज आला, तर घरच्यांनी काय करायचं?

म्हणून निघण्याआधी बॅटरी फुल चार्ज करा आणि निगेटिव्ह टर्मिनलची वायर काढून ठेवा. बस! बहुतेक गाड्यांत १० नंबरचा पाना पुरतो. निगेटिव्हच आधी काढायची, कारण गाडीची सगळी बॉडी निगेटिव्हला जोडलेली असते. आधी पॉझिटिव्ह सोडवायला गेलात आणि पाना बॉडीला टेकला, तर ठिणगी. लावताना उलट, निगेटिव्ह शेवटी. घड्याळ पुन्हा लावावं लागेल, काही म्युझिक सिस्टीम कोड मागतात, तो आधी शोधून ठेवा. रिमोट चालणार नाही, दार किल्लीनं उघडायचं. आणि ही वायर परत कशी लावायची याचा व्हिडिओ घरच्यांच्या फोनमध्ये ठेवून जा. अडीच वाजता तोच कामाला येईल.

वायर काढली तरी बॅटरी आपोआप थोडी उतरतेच, उन्हाळ्यात जास्त. दोन महिन्यांनी कुणाला तरी मल्टिमीटर लावायला सांगा. १२.६ च्या वर म्हणजे भरलेली. १२.४ च्या खाली गेली की चार्ज करा. १२ म्हणजे आधीच उशीर झालाय. घरात प्लग जवळ असेल तर भरल्यावर स्वतः करंट कमी करणारा ऑटोमॅटिक चार्जर घ्या. साधा चार्जर महिनोन् महिने लावून ठेवू नका, बॅटरीतलं पाणी उडतं. चार्जिंग मोकळ्या हवेत, कारण हायड्रोजन निघतो, आणि जवळ सिगारेट बिलकुल नको.

स्कूटरची बॅटरी चार-पाच अँपिअर-अवरची, त्यामुळे ती आणखी लवकर बसते. फ्युएल इंजेक्शनवाली असेल आणि बॅटरी पार बसली, तर नुसती किक मारूनही बऱ्याचदा भागत नाही.

बाकी, बॅटरी सिमेंटच्या फरशीवर ठेवली की उतरते म्हणतात ना? ते जुन्या काळच्या खोक्यांबद्दल होतं. आताची प्लास्टिकची बॅटरी खुशाल फरशीवर ठेवा.

इलेक्ट्रिकवाल्यांनो, तुमचं उलटं आहे. लिथियम बॅटरी फुल करून महिनोन् महिने ठेवायची नाही, निम्म्याच्या आसपास बरी. नेमका आकडा तुमच्या गाडीच्या मॅन्युअलमध्ये बघा. इलेक्ट्रिक कारमध्ये वेगळी छोटी १२ व्होल्टची बॅटरीही असते. ती बसली तर मोठी भरलेली असूनही गाडी जागी होत नाही.

पुढच्या भागात उभ्या गाडीचे टायर. चला, भेटू!